वरातीतल्या माणसांची बक्षिशी

आपल्या वाशीम-रिसोडकडं लग्नसराई म्हणजे एप्रिल-मे, पारा चाळिशीपार. अशा उन्हात भट्टीजवळ उभा आचारी आणि कोट घातलेला बँडवाला यांचं जेवण शेवटच्या पंगतीवर ढकलू नका. फोटोग्राफरला तर नवरा-नवरीच्या आधीच ताट द्या. नंतर त्याला उसंत मिळत नाही.

सगळी बक्षिशी मालकाच्या हाती देऊन मोकळं होऊ नका. डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बाया, जनरेटरची गाडी ढकलणारं पोट्टं, भांडी घासणाऱ्या मावश्या यांच्यापर्यंत ती पोहोचेलच असं नाही. ५०-१००च्या नोटांची पाकिटं आधीच करून घरच्या एका शहाण्या माणसाकडे ठेवा (मामा बरे!). नोटा धुळीत उधळणं मला पटत नाही. ओवाळा, पण हातात द्या.

टोपी-टॉवेल-नारळाचा मान द्याच, पण त्याचे पैसे ठरलेल्या रकमेतून कापू नका. उरलेला हिशेब मांडव सुटायच्या आत चुकता करा.

अन् रात्री १० नंतर ‘अजून एक गाणं’ नको. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सकाळी ६ पर्यंत लाऊडस्पीकरला बंदी आहे. साहित्य जप्त झालं तर भुर्दंड डीजेवाल्याला, नाचणाऱ्या पाहुण्यांना नाही.