रादोमचे पिस्तूल आणि कानशीच्या खुणा

जुन्या लष्करी पिस्तुलांचा संग्रह हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने का घ्यावा, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विचारले नाही, हा त्यांचा चांगुलपणा. श्रोत्यांच्या मनात मात्र तो प्रश्न आला असेल. उत्तर सरळ आहे. पिस्तूल कोणी झाडले याच्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या. ते कोणी घडवले याची कथा बहुधा त्या वस्तूवरच उमटलेली असते, आणि मालकाने हौसेने पॉलिश पेपर हाती घेतला की अर्ध्या तासात ती पुसली जाते. बोलणे हवेत राहू नये म्हणून आम्ही एकच पिस्तूल समोर घेतो.

हे पिस्तूल पोलंडचे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, तेव्हा तो देश आपल्याला अगदीच अनोळखी नाही. वॉर्साच्या दक्षिणेस साधारण शंभर किलोमीटरवर रादोम नावाचे गाव आहे. तेथील शस्त्रकारखान्यात १९३६ पासून ‘विस’ हे पिस्तूल बनू लागले. पिओत्र विल्न्येव्चित्स आणि यान स्क्शिपिन्स्की या दोघांनी त्याची रचना केली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून नाव सुचले आणि पुढे थोडा बदल होऊन ते ‘विस’ झाले. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ बळ असा आहे. आराखडा काढणाऱ्यांची नावे अशी राहतात, टर्नर-फिटरची राहत नाहीत. ही रीत सगळ्या देशांत सारखीच.

नऊ मिलिमीटरचे हे पिस्तूल मॅगझीनमध्ये आठ काडतुसे घेते. लष्करी पिस्तुलांत त्या काळची उत्तम कारागिरी पाहायची तर युद्धापूर्वीचे ‘विस’ पाहावे, असे जाणकार सांगतात. पृष्ठभाग गुळगुळीत आणि निळसर काळ्या झिलईचा. वरच्या सरकत्या भागावर डाव्या बाजूस पोलंडचा गरुड आणि बनावटीचे वर्ष. मुठीच्या पाठीमागे एक खाच, तीत लाकडी दस्ता अडकवून पिस्तूल खांद्याला लावता येई. डाव्या अंगाला तीन कळी दिसतात. एक उभा घोडा सुखरूप खाली सोडण्याची, दुसरी सरकता भाग मागे अडकवून ठेवण्याची, आणि तिसरी केवळ पिस्तूल उकलताना उपयोगी पडणारी. १९३९ पर्यंत अशी सुमारे पन्नास हजार पिस्तुले तयार झाली.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात जर्मनीने पोलंडवर स्वारी केली आणि कारखाना त्यांच्या हाती गेला. ऑस्ट्रियातील श्टायर कंपनीकडे त्याचा कारभार आला. यंत्रे जुनीच होती आणि त्यांवरचे हातही पोलिश कामगारांचेच, पण आता माल तपासून शिक्का मारणारा परका होता. गरुड गेला. त्याच्या जागी पिस्तुलाचा जर्मन क्रमांक आला आणि त्यापुढे कंसात ‘पी’ हे अक्षर, म्हणजे ‘पोलिश’. युद्ध संपेपर्यंत अशी तीन लाखांवर पिस्तुले निघाली.

संग्राहकाला खरे वाचायला मिळते ते येथून पुढे. आधी मुठीमागची खाच गेली. मग उकलण्याची कळ गेली, कारण तिच्यावाचून पिस्तूल झाडता येते आणि तेवढे मशिनिंग वाचते. मुठीच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांऐवजी लाकडाच्या साध्या पट्ट्या आल्या. झिलई पातळ झाली, आणि तिच्याखाली कटरच्या व कानशीच्या रेघा उघड्या दिसू लागल्या. १९३८ चा एक नग आणि १९४४ चा एक नग शेजारी ठेवले तर कारखान्यातली घाई, मालाची टंचाई आणि वरून आलेला दट्ट्या यांचा हिशेब वेगळा मांडावा लागत नाही.

या ओबडधोबड रेघांना कित्येक जण कामगारांनी मुद्दाम केलेला बिघाड म्हणतात. आमचा त्यावर सरसकट विश्वास नाही. आमची निम्मी हयात गेटसभांत आणि यंत्रांच्या सोबतीत गेली आहे. पाळी वाढवली, नग वाढवले आणि पॉलिशचा टप्पा काढून टाकला की उत्तम कारागिराच्या हातूनही अशीच रेघ उमटते. तिला लढा म्हणण्यापूर्वी पुरावा पाहिजे. आणि लढ्याचा पुरावा रादोममध्ये निराळा, फार मोठा आहे.

या कामगारांच्या हाती पुरे पिस्तूल लागू द्यायचे नाही, असा जर्मनांनी बंदोबस्त केला होता. नळ्या रादोममध्ये बनत नसत, त्या श्टायरला बनत, आणि अखेरची जुळणीही तिकडेच नेली. नळीवाचून पिस्तूल म्हणजे लोखंडाचा डबा. तरीही तेथील कामगारांनी सुटे भाग बाहेर काढले आणि भूमिगत सेनेपर्यंत पोचवले. तिने आपल्या गुप्त कारखान्यांत नळ्या तयार करून शेकडो पिस्तुले जुळवली, आणि त्यांतली पुष्कळ १९४४ च्या वॉर्साच्या उठावात वापरली गेली. भाग बाहेर जातात हे १९४२ मध्ये उघडकीस आले होते. त्या ऑक्टोबरात कारखान्यातील पंधरा कामगारांना रादोममध्ये जाहीरपणे फासावर चढवले. त्यानंतरही त्याच यंत्रांवर पाळ्या चालूच राहिल्या. ज्या पिस्तुलावर त्या सुमाराचा शिक्का आहे ते घडवणारा माणूस आदल्या आठवड्यात काय पाहून आला होता, याचा विचार ते हाती घेणाऱ्याने करावा.

आता जतनाविषयी. आपल्याकडे हा छंद बहुतेकांना ग्रंथांतून आणि वस्तुसंग्रहालयांतूनच करावा लागतो, आणि आम्हांस त्याचे दुःख नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला वर्ज्य आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकालाही तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा ठेवली. पण ज्या देशांत कायदा वाव देतो तेथील जाणत्या संग्राहकांचे नियम कोणत्याही जुन्या पोलादी वस्तूला लागू पडतात. घरात आजोबांचा अडकित्ता असेल त्यांनीही ऐकावे.

पहिले काम, मॅगझीन काढून, सरकता भाग मागे ओढून नळीत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहणे. ‘रिकामेच आहे’ हे दुसऱ्याचे शब्द येथे चालत नाहीत. मग हातमोजे. घामातल्या क्षाराने बोटांचे ठसे पोलादावर गंजाच्या रूपाने उमटतात. पुसून झाल्यावर तेलाचा पातळ हात पुरे. तेल निथळू लागले तर ते लाकडी मुठीत शिरून लाकूड मऊ करते. मूळ चामड्याच्या म्यानात पिस्तूल घालून ठेवणे पाहायला शोभते, पण चामडे ओल धरते आणि कमावतानाचे क्षार व आम्ले त्यात उरलेली असतात. म्यान वेगळे ठेवावे. पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. कोकणात पावसाळा काढलेल्यांना हे सांगणे नकोच.

गंजाचा ठिपका दिसला तर तेल लावून तो काही दिवस मुरू द्यावा आणि पोलादाहून मऊ अशा तांब्याच्या कडेने हलकेच सोडवावा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि नवी झिलई ही तिन्ही वर्ज्य. नव्या झिलईने पिस्तूल दुकानातल्यासारखे दिसते. पण त्यासाठी आधी पृष्ठभाग घासावा लागतो, आणि घासताना कटरच्या रेघा, तपासनिसाचे शिक्के, अक्षरांच्या कडा सगळे बोथट होते. बाजारातही अशा नगाची किंमत उतरते, पण आम्हांस ते कारण दुय्यम वाटते. गरुडाचे पिस्तूल महाग विकते म्हणून नव्याने गरुड ठोकणारे ठगही असतात. अस्सल शिक्क्याभोवतीची झिलई आणि रेघा शाबूत असल्या तरच त्यांना पकडता येते.

शेवटी नोंदीची वही. प्रत्येक भागावरचा क्रमांक, शिक्का कोणत्या बाजूस, रेघ कुठे आणि किती लांब, वस्तू कोणाकडून आली, हे छायाचित्रांसह उतरून ठेवावे. युद्धावरून परतलेल्या सैनिकाचा परवानगीचा कागद सोबत आला असेल तर तो पिस्तुलाइतकाच जपावा. एखादी स्प्रिंग बदलावी लागलीच, तर तारखेसह तसे लिहावे, आणि निघालेली जुनी स्प्रिंग पाकिटात घालून, वर क्रमांक टाकून, त्याच पेटीत ठेवावी.