दगडाचा अर्क

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात, ऑस्ट्रियाच्या सीमेवर बुर्गहाउझेन आहे. प्रवासी तिथे येतात ते किलोमीटरभर लांबीचा किल्ला पाहायला. त्याच गावात वाकर कंपनीचा कारखाना आहे, आणि तिथे सौरघटांना लागणारं अतिशुद्ध सिलिकॉन तयार होतं.

सुरुवात गारगोटीपासून होते. विजेच्या भट्टीत कोळशाबरोबर तापवली की गारगोटीतला ऑक्सिजन निघून जातो आणि ९८-९९ टक्के शुद्ध सिलिकॉन हाती येतं. उरलेला एखाद-दुसरा टक्का काढणं, हाच पुढचा सगळा खटाटोप. सौरघटाला शंभर कोटी अणूंमागे जेमतेम एखादा परका अणू चालतो.

पण १,४१४ अंशांना वितळणारा पदार्थ गाळायचा कसा? त्यासाठी आडवाट धरावी लागते. सिलिकॉनच्या भुकटीवर सुमारे ३०० अंशांना हायड्रोजन क्लोराइड वायू सोडला की ट्रायक्लोरोसिलेन बनतं. हे द्रव ३२ अंशांच्या आतच उकळतं. पुण्यातली एप्रिलची दुपारही त्याला पुरे. आता उंच मनोऱ्यांत त्याचं पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातन करता येतं. बोरॉन-फॉस्फरसची संयुगं त्यातून वेगळी होतात.

मग उलटा प्रवास. घंटेच्या आकाराच्या बंद पात्रात पेन्सिलीएवढ्या बारीक सिलिकॉनच्या कांड्या, उलट्या 'यू'सारख्या जोडून, उभ्या असतात. वीज सोडून त्या सुमारे १,१०० अंशांपर्यंत तापवतात. ट्रायक्लोरोसिलेनची वाफ आणि हायड्रोजन आत आले की कांडीवर सिलिकॉनचा थर चढू लागतो. संक्रांतीचा हलवा करताना खसखशीवर चमचा-चमचा पाक सोडतात, अगदी तसं; घाई केली की बिघडलंच. काही दिवसांत कांडी मांडीएवढी जाड, करडी, खडबडीत होते. ती फोडायलाही साधा लोखंडी हातोडा चालत नाही, लोखंडाचा कण लागला तरी सारी मेहनत फुकट.

पात्राच्या भिंती मात्र सतत थंड ठेवाव्या लागतात, नाहीतर थर तिथेच चढायचा. आतून तापवायचं आणि बाहेरून निववायचं, म्हणून या धंद्यात विजेचं बिल हाच मोठा खर्च. १९५०च्या दशकात सीमेन्सच्या प्रेट्झफेल्डमधल्या प्रयोगशाळेत एबरहार्ड श्पेंके यांच्या गटाने ही पद्धत घडवली, तीही सौरघटांसाठी नव्हे, विजेच्या उपकरणांसाठी. आजही ती 'सीमेन्स पद्धत' म्हणूनच ओळखली जाते.

एवढं करून, हे सिलिकॉन वितळवून स्फटिक वाढवताना त्यात पुन्हा चिमूटभर बोरॉन किंवा फॉस्फरस घालतात, कारण त्याशिवाय सौरघट वीज देणार नाही. काढला होता तोच पदार्थ परत येतो, पण आता मोजून.