झाडामागून झाड

नाताळात न्यूयॉर्कला गेलेला माणूस रॉकफेलर सेंटरपाशी गर्दीत उभा राहतो, माना उंचावून ते प्रचंड झाड बघतो, फोटो काढतो आणि हॉटेलवर परततो. गणपतीत पुण्याला जाऊन फक्त दगडूशेठ बघून माघारी फिरावं, तशातलाच हा प्रकार. मॅनहॅटनमध्ये मानाची झाडं आणखी बरीच आहेत आणि पायी फिरलं तर एका दिवसात होतात. कुणाच्या मनात आलं आणि झाड उभं राहिलं, हे ज्याचं त्याचं वेगळं आहे. फिरण्यातली गोडी आहे ती तिथेच.

हे बेट चालणाऱ्यांचं आहे. उत्तर-दक्षिण वीस रस्ते ओलांडले की एक मैल झाला, हा हिशेब डोक्यात बसला की नकाशाचं काम उरत नाही. इथे दिलेली वाट अकरा-बारा किलोमीटरची आहे आणि ती वरून खाली, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते. त्याला कारण आहे. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो. पहिली दोन झाडं संग्रहालयांच्या छताखाली आहेत, ती दिवसाउजेडी उरकावीत. बाकीची उघड्यावरची, त्यांना अंधारच मानवतो.

सुरुवात सेंट्रल पार्कच्या पश्चिम अंगाला, अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीपासून. लोक येतात ते डायनोसॉरचे सांगाडे बघायला. पण या दिवसांत इथे तेरा फुटी झाड असतं आणि त्यावर आठशेच्या वर कागदी प्राणी, पक्षी, किडे टांगलेले असतात. सगळी ओरिगामी. जवळ जाऊन एखादा भुंगा बघा. सहा पाय, दोन मिश्या, पाठीवरच्या पंखांची शीवसुद्धा. ओरिगामीचा मूळ कायदा असा, की कागद एक, चौकोनी. कात्री नाही, गोंद नाही. म्हणजे ते सहाही पाय घड्यांमधूनच ओढून काढलेले. याची मुळं संग्रहालयाच्या कीटक विभागात काम करणाऱ्या ॲलिस ग्रे यांच्या कागदाच्या नादात आहेत. त्यांनी आपल्या कचेरीत कागदी प्राण्यांचं छोटंसं झाड मांडलं होतं. आता ओरिगामीयूएसए या संस्थेचे स्वयंसेवक भर उन्हाळ्यातच घड्या घालायला बसतात. दरवर्षी विषय नवा.

तिथून बाग आडवी ओलांडली की वीसेक मिनिटांत पलीकडे मेट्रोपॉलिटन म्युझियम. मध्ययुगीन शिल्पांच्या दालनात, स्पेनमधल्या वायादोलिदच्या कॅथीड्रलमधून आणलेल्या लोखंडी जाळीसमोर, वीस फुटी निळसर स्प्रूस उभा असतो. फांद्यांवर गोळे, चमकी, चॉकलेटं काही नाही. अठराव्या शतकात नेपल्समध्ये घडवलेले देवदूत आहेत, धुपाटणी हातात घेऊन तरंगणारे. आणि झाडाच्या पायथ्याशी येशूजन्माचा देखावा. गोठा बेथलेहेमचा, माणसं मात्र अस्सल नेपल्सची. बाजाराला निघालेले शेतकरी, भिकारी, पूर्वेच्या राजांबरोबर आलेला लवाजमा, जनावरं. या बाहुल्यांची घडण बघण्यासारखी आहे: आत तारेचा सांगाडा, त्यावर तागासारख्या धाग्यांचं वेष्टन, डोकं भाजलेल्या मातीचं, हातपाय लाकडी आणि अंगावर खऱ्या रेशमाचे कपडे. त्यामुळे हात वाकवता येतो, मान वळवता येते. लोरेटा हाइन्स हॉवर्ड या बाईंनी १९२५ पासून हा संग्रह जमवला. १९५७ मध्ये तो इथे पहिल्यांदा मांडला गेला आणि १९६४ पासून तो संग्रहालयाला देत गेल्या. सगळ्या वाटेवरचं आमच्या मते हे पहिल्या नंबरचं झाड. घाई करू नका.

बाहेर पडेपर्यंत अंधारून येतं, म्हणजे वेळ बरोबर साधली. पूर्वेला दोन अव्हेन्यू ओलांडून पार्क अव्हेन्यूला या. रस्त्याच्या दुभाजकावर दक्षिणेकडे नजर जाईल तिथवर झाडांची रांग दिसते. फक्त पांढरे दिवे, दुसरी सजावट नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही श्रीमंत वस्तीची मोजूनमापून केलेली अभिरुची वाटते. गोष्ट निराळी आहे. १९४५ मध्ये दुसरं महायुद्ध संपलं, तेव्हा या भागातल्या कुटुंबांनी युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी ही झाडं लावायला सुरुवात केली. आजही डिसेंबरच्या सुरुवातीला ९१व्या रस्त्यावरच्या ब्रिक चर्चसमोर लोक जमतात, सैनिकाच्या अंत्यविधीला वाजवतात ती बिगुलाची धून वाजते आणि मग दिवे लागतात.

आता रॉकफेलर सेंटर. टाळता येणार नाही आणि टाळूही नये, पण संध्याकाळी सात वाजता तिथे माणूस चालत नाही, ढकलला जातो. दिवे मध्यरात्रीपर्यंत असतात आणि पहाटे पुन्हा लागतात. ज्याला झाड धड बघायचं आहे त्याने पहाटेची सवड काढावी. झाड बहुतेक वेळा नॉर्वे स्प्रूस, पंचाहत्तर ते शंभर फूट, कुणाच्या तरी अंगणात वाढलेलं आणि मालकाने फुकट दिलेलं. त्यावर पन्नास हजारांहून जास्त दिवे, सुमारे आठ किलोमीटर वायर. शेंड्यावरची चांदणी २०१८ मध्ये वास्तुरचनाकार डॅनियल लिबस्किंड यांनी नव्याने केली; तिच्यात तीस लाख स्फटिक आहेत.

या झगमगाटापेक्षा १९३१ सालचा एक काळा-पांढरा फोटो जास्त बोलका आहे. मंदीचा काळ, सेंटरचं बांधकाम चालू, सगळीकडे राडारोडा. मजुरांनी आपसात वर्गणी काढून वीस फुटी बाल्सम फर आणलं. घरच्यांनी क्रॅनबेरीच्या, कागदाच्या माळा करून दिल्या, काही पत्र्याचे डबेसुद्धा लटकवले. फोटोत त्या झाडाशेजारी मजूर पगाराच्या रांगेत उभे आहेत. हातातलं काम टिकलं होतं, त्याचाच तो सण. मालकांनी झाड अधिकृतपणे उभं केलं ते १९३३ मध्ये, सातशे दिवे लावून. युद्धात १९४४ साली ब्लॅकआउटमुळे ते काळोखातच राहिलं. आणि २०२० मध्ये ओनिओंटा गावाहून आलेल्या झाडाच्या फांद्यांत एक मूठभर घुबड सापडलं, शेकडो किलोमीटर ट्रकवरून प्रवास करून आलेलं. त्याचं नाव रॉकफेलर ठेवलं, खाऊ-पिऊ घातलं आणि रानात सोडून दिलं.

ब्रायंट पार्कच्या झाडाबद्दल फार सांगण्यासारखं नाही; बर्फावर घसरणारी पोरं आणि खाण्याचे स्टॉल यांतच ते हरवतं. पण इथलं सार्वजनिक स्वच्छतागृह सोडू नका. आत ताजी फुलं ठेवलेली असतात. थंडीत पायपीट करणाऱ्याला हे कळणं चांदणीतल्या स्फटिकांच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

पुढे फिफ्थ अव्हेन्यूने खाली येताना ३६वा रस्ता लागतो. याच रस्त्यावर, पूर्वेच्या बाजूला, एडिसनचे भागीदार एडवर्ड जॉन्सन राहत. डिसेंबर १८८२ मध्ये त्यांनी दिवाणखान्यातल्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ऐंशी दिवे लावले. विजेचे दिवे लावलेलं जगातलं पहिलं नाताळचं झाड ते हेच. शिवाय झाड स्वतःभोवती फिरत होतं. त्याआधी फांद्यांवर मेणबत्त्या लावत आणि शेजारी पाण्याची बादली ठेवत.

वीज झाली, तरी झाड घरातच होतं. ते चौकात आलं मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये, १९१२च्या नाताळच्या आदल्या रात्री. ॲडिरॉन्डॅक डोंगरातून आणलेलं साठ फुटी झाड, ज्यांच्या घरी ते परवडत नव्हतं त्यांच्यासाठी. त्याच नाताळात बॉस्टननेही सार्वजनिक झाड उभारलं आणि पुढे प्रथा देशभर गेली. मॅडिसन स्क्वेअरच्या त्या झाडाची खूण म्हणून १९१६ मध्ये बागेच्या दक्षिण टोकाला एका खांबावर चांदणी बसवली, ‘स्टार ऑफ होप’. फिफ्थ अव्हेन्यूच्या बाजूला आणखी एका उंच ध्वजस्तंभावर चांदणी आहे, ती पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाची. दोन्हींत हमखास गल्लत होते.

वाटेत फूटपाथवर जागोजाग झाडांची दुकानं लागतात आणि ती दिसायच्या आधी वासाने कळतात. ताज्या कापलेल्या फरचा राळेसारखा, किंचित लिंबाच्या अंगाने जाणारा वास. विक्रेता झाड एका रुंद नळकांड्यातून ओढतो, ते पलीकडून जाळीत घट्ट बांधून बाहेर येतं आणि गिऱ्हाईक खांद्यावर टाकून घर गाठतं. यातले बरेच विक्रेते कॅनडातल्या क्वेबेकहून येतात, महिनाभर व्हॅनमध्ये झोपतात. यांना परवाना लागत नाही. महापौर ला गार्डिया फेरीवाल्यांच्या मागे हात धुऊन लागले होते, तेव्हा १९३८ मध्ये नगर परिषदेने सूचिपर्णी झाडांपुरता अपवाद केला: डिसेंबरात, समोरच्या जागामालकाची संमती असेल तर खुशाल विका.

वॉशिंग्टन स्क्वेअरच्या संगमरवरी कमानीखाली १९२४ पासून झाड लागतं. २४ डिसेंबरला तिथे लोक जमून नाताळची गाणी म्हणतात. मग सरळ खाली, ग्रीनिच आणि वेसी रस्त्यांच्या कोपऱ्यावर. आज समोर वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे. १८५१ मध्ये मार्क कार नावाच्या लाकूडतोड्याने कॅट्सकिल डोंगरातली झाडं बैलांच्या दोन घसरगाड्यांवर लादून इथल्या वॉशिंग्टन मार्केटात आणली आणि एक चांदीचा डॉलर भाडं देऊन फूटपाथचा तुकडा घेतला. सगळी झाडं खपली. अमेरिकेतला नाताळच्या झाडांचा धंदा इथून धरतात. शेवटचं झाड दहा मिनिटांवर, न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या दारात, १९२३ पासूनचं. त्याच्या पायथ्याशी फोटोसाठी रांग असतेच.

जानेवारीत जाणाऱ्यांनी हिरमुसू नये. नववर्षानंतर महापालिका ‘मल्चफेस्ट’ भरवते: दिवे-बिवे काढून घरातलं झाड बागेत आणून द्यायचं, यंत्रात त्याचा भुसा होतो आणि रस्त्यांवरच्या, बागांमधल्या झाडांच्या बुंध्याशी पसरतात. पिशवी घेऊन गेलात तर तुम्हालाही भरून देतात.