लांबचा रस्ता लवकर कसा पोचवतो?

परवा नागपूरहून आत्याचा फोन आला. लेकीच्या बाळंतपणासाठी ती डिसेंबरात दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणार आहे. "अरे, माझ्या गुडघ्यांनी एवढा वेळ बसवत नाही. सगळ्यात जवळच्या रस्त्याने जाणारं विमान शोधून दे." माझी पीएच.डी. उंचावरच्या वाऱ्यांवर आहे, विमानांवर नाही. पण घरच्यांना हा फरक अजून पटलेला नाही. आणि खरं सांगायचं तर या वेळी प्रश्न माझ्याच विषयातला निघाला.

पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला तर तो सायबेरियावरून जातो आणि सुमारे १२,४०० कि.मी. भरतो. एअर इंडियाचं विमान मात्र सुरुवातीला पश्चिमेकडे निघून अटलांटिक ओलांडायचं, साधारण १३,९०० कि.मी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी जातानाची दिशाच उलटी केली. विमान पूर्वेकडे निघालं आणि पॅसिफिकवरून गेलं. अंतर झालं १५,३०० कि.मी. आणि वेळ लागला साडेचौदा तास. म्हणजे १,४०० कि.मी. जास्त कापून जवळपास दोन तास आधी!

भागाकार करून बघा, वेग येतो ताशी १,०५५ कि.मी. अशी विमानं भोवतालच्या हवेच्या तुलनेत ताशी ९०० च्या आसपास उडतात. वरचे दीडशे वाऱ्याने दिले. साधारण ९ ते १२ कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात.

"पृथ्वी फिरते म्हणून ना?" हे मला हमखास ऐकावं लागतं. तसं असतं तर दादरवर तासभर तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरखाली ओमानचा किनारा आला असता. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फिरण्याचा संबंध आहे, पण आडवळणाने: त्यामुळेच उत्तरेकडे निघालेली उष्ण हवा पूर्वेला वळते.

मग जाताना वाऱ्याने अडवलं तरी येताना ढकललं, की फिटंफाट? नाही. १२,००० कि.मी. अंतर घ्या, वेग ९०० आणि वारा १०० चा. वाऱ्याबरोबर १२ तास, विरुद्ध १५, एकूण २७. वारा नसता तर २६ तास ४० मिनिटं. वारा विरुद्ध असताना आपण त्याच्या तावडीत जास्त वेळ असतो, म्हणून तोटा नफ्यापेक्षा मोठा.

हा फरक किरकोळ वाटतो खरा. पण रेडिंग विद्यापीठाच्या पॉल विल्यम्स यांनी २०१६ मध्ये लंडन-न्यूयॉर्क मार्ग घेऊन दाखवलं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तिथली जेट स्ट्रीम जोर धरेल आणि अटलांटिक ओलांडणारी विमानं सगळी मिळून वर्षाला २,००० तास जास्त हवेत राहतील. तेवढं इंधन जास्त, आणि त्यातून पुन्हा कार्बन डायऑक्साइड. आमच्या लॅबमध्ये सगळ्यांची झोप उडवणारी गोष्ट ही आहे.

आत्याला म्हटलं, किलोमीटर बघू नकोस, तिकिटावरचे तास बघ. त्या ऋतूतले वारे धरूनच ते ठरवतात. आणि कडेची, आइलची सीट घे, दर दीड-दोन तासांनी उठून चाल. यात वाऱ्याचा काही संबंध नाही.