रिकामा चौथरा आणि परतलेला घोडेस्वार

जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म १८८८ साली वारला आणि देशभर त्याच्या स्मारकांचं पेवच फुटलं. नातू दुसरा विल्हेल्म आजोबांची थोरवी मिरवायला टपलेलाच होता. क्युफहॉयझरच्या डोंगरावर तर ८१ मीटर उंचीचं स्मारक उभं राहिलं: खाली दंतकथेतला झोपलेला लाल दाढीचा बार्बारोसा, वर घोड्यावर पांढऱ्या दाढीचा विल्हेल्म. जणू जुन्या सम्राटाचा वारसच!

क्युफहॉयझरच्याच वास्तुविशारदाचं, ब्रुनो श्मित्झचं, कोब्लेंत्समधलं स्मारक मात्र नशिबाने जास्त चक्रावलेलं. ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांच्या संगमावर १८९७ साली त्याचं अनावरण झालं. चौथऱ्यासकट उंची ३७ मीटर, नुसता घोडेस्वार १४ मीटर.

मार्च १९४५मध्ये अमेरिकी तोफगोळ्यांनी पुतळा पाडला. चौथरा उरला. १९५३ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉयस यांनी तो जर्मन ऐक्याला अर्पण केला आणि पुढे कित्येक वर्षं सम्राटाच्या जागी फक्त झेंडा फडकत राहिला.

एका स्थानिक प्रकाशकाने पदरचा पैसा घालून नवा पुतळा घडवून घेतला, तेव्हा मोठा वाद पेटला. लोकशाहीत सम्राट कशाला, हा प्रश्न रास्तच होता. तरी १९९३ साली क्रेनने घोडा वर चढलाच.

शेजारीच बर्लिनच्या भिंतीचे तीन तुकडे उभे आहेत.