सहा हजार वेळा समुद्रातून बाहेर

एका विनोदी नाटकात मी भटजीचं काम करायचो. साडेतीनशे प्रयोग झाले तेव्हा लक्षात आलं, की हशा कुठे येणार हे पाठ झाल्यामुळे मी तिथे आधीच थांबायला लागलोय. समोरच्या नटाची वाक्यं तर कानावर पडेनाशीच झाली होती. जेम्स ओनील या अमेरिकन नटाविषयी मला आपुलकी वाटते ती तेव्हापासून. त्याचे एकाच भूमिकेचे प्रयोग सहा हजारांच्या वर झाले, असं सांगतात.

त्याचा जन्म १८४७चा, आयर्लंडमधल्या किल्केनीचा. म्हणजे ऐन बटाट्याच्या दुष्काळातला. लहानपणीच तो अमेरिकेत आला. बाप कुटुंबाला वाऱ्यावर सोडून मायदेशी परतला आणि पोरगं कोवळ्या वयात कामाला जुंपलं गेलं. पुढे नाटकात शिरल्यावर मात्र त्यानं झपाट्यानं नाव काढलं. १८७४च्या सुमारास शिकागोत तो एडविन बूथसमोर शेक्सपिअर करत होता. बूथ म्हणजे त्या काळचा सर्वात मोठा अमेरिकन नट. एका रात्री एकानं ऑथेल्लो व्हायचं, दुसऱ्यानं इयागो. पुढच्या रात्री अदलाबदल.

मग १८८३ साल आलं. न्यूयॉर्कमध्ये द्यूमाच्या कादंबरीवरचं ‘मॉन्टे क्रिस्टो’ लागणार होतं. मुख्य नट आजारी पडला आणि ओनील त्याच्या जागी उभा राहिला. नाटक इतकं चाललं की दोन वर्षांत त्यानं हक्कच विकत घेतले. नायक तुरुंगातून निसटतो, समुद्रातून खडकावर चढतो आणि आता सारं जग आपलं, अशी आरोळी ठोकतो. रंगीत लाटा हलताहेत, मागे स्टूल, अंगावर पाण्याच्या तुषारांऐवजी मीठ आणि लाकडाचा भुसा! प्रेक्षक वेडे व्हायचे. त्यानं मधूनमधून दुसरी नाटकं लावून पाहिली. लोकांना तीच आरोळी हवी होती. मीठ-भुशानं माखून तो गावोगाव फिरत राहिला.

साठी उलटल्यावर अॅडॉल्फ झुकरच्या फेमस प्लेयर्स कंपनीनं त्याला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. भूमिका? अर्थात तीच. पण दुसऱ्या एका कंपनीनं त्याच कथेचा चित्रपट आधी आणल्यामुळे याचा १९१३पर्यंत अडकून पडला. शिवाय मूकपट! ज्या आरोळीवर त्याची उभी हयात गेली, तीच तिथे ऐकू येणार नव्हती.

१९२०च्या ऑगस्टमध्ये तो गेला. त्याच वर्षी धाकट्या मुलाचं, यूजीनचं, पहिलं मोठं नाटक ब्रॉडवेवर लागलं होतं. म्हातारा बॉक्समध्ये बसून रडला आणि मग, लोकांना घरी जाऊन जीव द्यायला लावणार आहेस का, असं त्यानं पोराला विचारलं म्हणे. नफ्याच्या नाटकापायी आपली कला विकून बसलेला कंजूष बाप याच मुलानं पुढे ‘लाँग डेज जर्नी इन्टू नाइट’मध्ये रंगवला. मला ते थोडं कठोर वाटतं. उपाशी पोटानं मोठा झालेला माणूस भरलेलं थिएटर सोडून जात नाही. मी तरी कुठे गेलो?

यूजीन ओनीलला १९३६चं नोबेल मिळालं. अमेरिकेतल्या न्यू लंडनमधलं ओनील कुटुंबाचं घर आता संग्रहालय आहे. त्याचं नाव : मॉन्टे क्रिस्टो कॉटेज.