परतीचा पाऊस आणि घरचे मसालेदार पेय: काय घालावे, किती घालावे, कोणी टाळावे?

भाद्रपद संपून आश्विन लागतो, सोयाबीन काढणीला येते, कापसाची बोंडे फुटू लागतात आणि नेमके तेव्हाच आभाळ भरून येते. परभणी, गंगाखेड, पाथरी, जिंतूर, सगळीकडे परतीच्या पावसाची हीच तऱ्हा. शेतातून भिजून आलेल्या माणसापुढे अद्रक ठेचून घातलेला चहा ठेवणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. अलीकडे त्यात मोबाईलवरच्या व्हिडिओंची भर पडली आहे. अमेरिकेत शरद ऋतूत कॉफीत घालतात तो 'पम्पकिन स्पाइस' मसाला घरी करून पाहिला जातो. त्यातली दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग आपल्या मिसळणाच्या डब्याला परकी नाहीत. शिवाय कोणी चक्रीफूल घालते, कोणी ज्येष्ठमध, कोणी गुळवेल.

असे प्रयोग करायला हरकत नाही. स्वयंपाकात वापरतो तेवढ्या प्रमाणात हे मसाले बहुतेक निरोगी माणसांना सुरक्षित आहेत. पण तोच काढा दिवसातून चार वेळा, महिनाभर, घरातल्या तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळ्यांना दिला जातो, तेव्हा अडचण येते. त्याहून मोठी अडचण म्हणजे ताप असताना काढ्याच्या भरवशावर तीन-चार दिवस निघून जातात. म्हणून हा लेख.

गरम पेयाने बरे का वाटते?

घसा खवखवत असताना गरम घोट घेतला की आराम पडतो, हा नुसता भास नाही. ब्रिटनमधील कार्डिफ येथे ३० सर्दीच्या रुग्णांवर झालेला एक छोटा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. फळाच्या रसाचे तेच पेय गरम दिल्यावर नाक वाहणे, खोकला, शिंका, घशाची खवखव, थंडी वाजणे आणि थकवा या सगळ्या तक्रारींत रुग्णांना लगेच आराम वाटला. साध्या तापमानाचे पेय दिल्यावर घसा, थंडी आणि थकवा यांत तसा फरक पडला नाही.

म्हणजे निम्मे काम गरम पाणीच करते. उरलेले काम चव आणि वास करतात. तिखट-सुगंधी चवीने तोंडात लाळ सुटते, घसा ओला राहतो. पण सर्दीचा विषाणू काढ्याने मरत नाही. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. काढा ते दिवस सुसह्य करतो, इतकेच.

कोणता मसाला काय करतो?

• अद्रक आणि सुंठ: मळमळ कमी करण्यासाठी अद्रकाचा उपयोग अभ्यासांत दिसून आला आहे. घशालाही बरे वाटते. जास्त झाल्यास छातीत जळजळ होते.

• हळद: वसमतची हळद आपल्या भागात प्रसिद्ध आहे (१९९९ मध्ये हिंगोली जिल्हा होईपर्यंत वसमत परभणी जिल्ह्यातच होते). हळदीतला कर्क्युमिन हा घटक शरीरात फार कमी शोषला जातो. १९९८ च्या एका भारतीय अभ्यासात मिऱ्यातील पायपरीन सोबत दिल्यावर हे शोषण कित्येक पटींनी वाढले. मात्र त्यात २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिले होते. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. म्हणजे अर्धा चमचा हळदीतून जेमतेम ४०-५० मिलिग्रॅम मिळते. हळदीचे दूध चवीने प्यावे, औषधाची अपेक्षा ठेवू नये.

• दालचिनी: बाजारात बहुतेक वेळा मिळते ती जाड, कडक सालीची 'कॅसिया' दालचिनी. तिच्यात कुमारिन नावाचा घटक बराच असतो. तो जास्त प्रमाणात, दीर्घकाळ घेतल्यास काही जणांच्या यकृताला इजा करू शकतो. जर्मनीच्या सरकारी संस्थेच्या सल्ल्यानुसार ६० किलो वजनाच्या प्रौढाने अशी दालचिनी रोज २ ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. १५ किलोच्या मुलासाठी ही मर्यादा अर्धा ग्रॅम आहे. एक सपाट चमचा पूड म्हणजेच साधारण अडीच ग्रॅम. 'साखर कमी होते' म्हणून रोज चमचाभर पूड घेणाऱ्यांनी हा हिशोब लक्षात ठेवावा. सिलोन दालचिनी पातळ, अनेक पदरी आणि सहज मोडणारी असते. तिच्यात कुमारिन अगदी कमी असते.

• जायफळ: चिमूटभर सुगंधी, चमचाभर विषारी. साधारण ५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक अख्खे जायफळ पोटात गेल्यास काही तासांनी उलट्या, धडधड, तोंड कोरडे पडणे, भ्रम असा त्रास होऊ शकतो.

• ज्येष्ठमध: घशाला आराम देते, पण जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम कमी होते.

• गुळवेल: कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी गुळवेलच होती का, हे तपासले गेले नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. आपल्यासाठी बोध दोन्ही बाजूंनी एकच निघतो: ओळख पटल्याशिवाय वेल तोडून उकळू नये आणि स्वतःच्या मनाने ती महिनोन्महिने घेऊ नये.

पावसाळ्याचा काढा शरदातही चालतो का?

पावसाळी दिवस म्हटला की तिखट काढा, असे समीकरण झाले आहे. पण आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत वर्षा आणि शरद हे वेगळे ऋतू आहेत. वर्षा ऋतूत उकळलेले पाणी, सुंठ, मध यांना स्थान आहे. शरदात पित्त वाढते असे मानून तीक्ष्ण, उष्ण पदार्थ कमी करायला आणि गोड, कडू, थंड गुणाचा आहार घ्यायला सांगितले आहे. कोजागिरीच्या दुधात मिरे-सुंठ न घालता वेलदोडा, केशर आणि किंचित जायफळ घालतात, तेही या सांगण्याशी जुळते.

रोजचा अनुभवही असाच आहे. एक दिवस पाऊस आणि दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरचे कडक ऊन, असे आपल्याकडे एकाच आठवड्यात होते. भिजल्या दिवशी सुखावणारा मिरे-लवंगेचा काढा उन्हाच्या दिवशी उपाशीपोटी घेतला, तर ॲसिडिटी वाढवतो. म्हणून ज्या दिवशी पाऊस आणि गारठा असेल त्या दिवशी अद्रक. ऊन तापले असेल त्या दिवशी धने-जिरे.

घरी करून पाहण्यासारखी तीन पेये

१. अद्रक आणि गवती चहा (२ कप)
अडीच कप पाण्यात एक इंच अद्रक ठेचून, गवती चहाची ३-४ पाती, तुळशीची ५-६ पाने, २ मिरे आणि दालचिनीचा अर्धा इंच तुकडा घाला. उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवा. पाच मिनिटांनी गाळा. झाकण ठेवल्याने सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जात नाहीत. अर्धा तास उकळून काळा, कडू अर्क काढण्याची गरज नाही.

२. धने-जिरे-बडीशेप (२ कप)
तिन्ही प्रत्येकी अर्धा चमचा, किंचित ठेचून. दोन कप पाण्यात पाच मिनिटे उकळून गाळा आणि कोमट प्या. ज्यांना अद्रक, मिरे सोसत नाहीत त्यांच्यासाठी हे चांगले. यात चहापत्ती नसल्याने झोपही उडत नाही.

३. मसाला दूध (१ कप)
एक कप दूध, एक वेलदोडा, पाव चमचा हळद किंवा केशराच्या दोन-तीन काड्या, आणि जायफळ किसणीवर फक्त एकदा-दोनदा घासून. कोजागिरीला दहा जणांच्या दुधाला पाव जायफळ पुरे. चांदण्यात ठेवलेले दूध झाकून ठेवा. दोन तासांपेक्षा जास्त वेळ कोमट राहू देऊ नका. पुन्हा देताना चांगले उकळा.

प्रयोग करताना हे नियम पाळा

• एका वेळी एकच नवा पदार्थ घाला. पाच नव्या गोष्टी एकदम घातल्या आणि अंगावर पित्त उठले, तर कारण शोधता येत नाही.

• दिवसाला एक ते दोन कप पुरेत. मार्च २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका यांचा काढा सुचवला, तोही दिवसातून एकदा किंवा दोनदाच.

• पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळा. पावसानंतर विहिरीचे, बोअरचे पाणी गढूळ येते. ते आधी निवळू द्या, गाळा, मग उकळा. काढा लवकर निवावा म्हणून वरून कच्चे पाणी घालण्याची सवय अनेकांना असते. तेवढ्याने उकळण्याचा फायदा जातो.

• उकळते पेय घशाखाली ढकलू नका. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेये नेहमी पिण्याचा संबंध अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असण्याची शक्यता जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवली आहे. चार-पाच मिनिटे थांबा.

• पेयात चहापत्ती असेल, तर जेवणाआधी व नंतर एक तास ते टाळा. चहामुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते. रक्त कमी असलेल्या स्त्रियांनी आणि मुलींनी हे विशेष पाळावे.

यांनी विशेष काळजी घ्यावी

तान्ही बाळे: एक वर्षाखालील बाळाला मध चाटवूसुद्धा नये. त्यात बोटुलिझम या गंभीर आजाराचे जंतुबीज असू शकतात आणि ते उकळूनही खात्रीने मरत नाहीत. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. बाळगुटीत जायफळ उगाळून देणेही टाळावे. बाळ शांत झोपले असे वाटते, पण ती गुंगी असू शकते. चक्रीफुलाचे पाणीही बाळाला देऊ नये. त्याच्यासारखे दिसणारे विषारी फळ त्यात मिसळले गेल्यास झटके येऊ शकतात.

मधुमेही: गूळ साखरेइतकाच रक्तातील साखर वाढवतो. दिवसात तीन कप काढा आणि प्रत्येकात दोन चमचे गूळ, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास साखर नकळत पोटात गेली. मधाचेही तेच.

रक्तदाब व हृदयाचे रुग्ण: ज्येष्ठमध टाळा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर नक्कीच. रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी अद्रक आणि हळद भाजी-आमटीतल्याएवढीच ठेवावी.

गर्भवती: चहातले थोडे अद्रक चालते. ज्येष्ठमध, गुळवेल, जायफळ आणि मिश्र चूर्णे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

यकृताचे किंवा अल्सरचे रुग्ण: रोजचा काढा सुरू करण्यापूर्वी विचारा.

काढ्यावर थांबू नका

परतीच्या पावसाचा काळ हाच डेंग्यू, मलेरिया आणि टायफॉइडचाही काळ आहे. 'भिजल्यामुळे अंग कसकसतंय' असे म्हणून घरी काढलेले तीन दिवस या आजारांत महाग पडू शकतात. डेंग्यूमध्ये धोक्याची लक्षणे बऱ्याचदा ताप उतरू लागतो तेव्हा दिसतात आणि घरच्यांना वाटते काढा लागू पडला.

पुढीलपैकी काही असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा आपले डॉक्टर गाठा:

• दोन दिवसांपेक्षा जास्त ताप, किंवा थंडी वाजून येणारा ताप
• पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती, लघवी कमी होणे (यात उशीर अजिबात नको, गरज पडल्यास १०८ ला फोन करा)
• धाप लागणे, छातीत दुखणे, बाळाचे दूध ओढणे बंद होणे
• डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे: सर्व काढे, चूर्णे लगेच बंद करा आणि काय काय घेतले ते डॉक्टरांना सांगा
• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला: क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते

तापात अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. जुलाब होत असतील तर काढ्याऐवजी ओआरएस द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

काढ्याने प्रतिकारशक्ती वाढते का?
काढा प्यायल्याने सर्दी-ताप होत नाही, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. पुरेशी झोप, डाळ-भाजी-भाकरीचे जेवण, हात धुणे आणि वेळेवर लसीकरण यांचा उपयोग मात्र निश्चित आहे.

मुलांना खोकल्यासाठी मध द्यावा का?
एक वर्षावरील मुलांना झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध देता येतो. रात्रीचा खोकला थोडा कमी होतो. मधुमेह असलेल्या मुलांसाठी डॉक्टरांना विचारा.

तयार काढ्याची पावडर घेतली तर?
पाकिटावर घटक आणि त्यांचे प्रमाण लिहिलेले आहे का ते पाहा. नसेल तर घेऊ नका. घरी करताना निदान आपण काय पितो ते माहीत असते.

पाऊस पडत असताना घरच्यांनी मिळून गवती चहाचा एक कप घेणे यात औषधापेक्षा आनंदाचा भाग मोठा आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. मसाला चिमटीने घाला, कप दोनपुरते ठेवा, बाळाला त्यातून वगळा. ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर पातेले बाजूला ठेवून रक्ताची तपासणी करून घ्या.